गाडी धावली खरी, पण पासिंग होईल का?

दोस्तांनो, किक मारून गाडी सुरू करताना तुम्ही पाहिलंय का? 'त्यात काय मोठंसं? आमचे बाबा रोज मोटरसायकलला मारतात की!' असं म्हणाल. पण आम्ही सांगतोय ती किक आहे चारचाकीची! चार चाकं, स्टिअरिंग, पुढून अगदी जीपसारखा तोंडवळा आणि सुरू करायची तर दुचाकीसारखी किक मारायची. अशी एक चिमुकली गाडी सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावात खरोखर धावली.

ही गाडी बनवली दत्तात्रय लोहार यांनी. आडनाव लोहार आणि कामही लोहाराचंच. मुलाला गाडीची हौस होती. ती पुरवायची म्हणून त्यांनी भंगारातले भाग गोळा केले आणि कापून, ठोकून, जोडून घरीच गाडी उभी केली. खर्च आला सुमारे साठ हजार रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये या गाडीचा छोटासा व्हिडिओ देशभर पाहिला गेला. महिंद्रा उद्योगसमूहाचे आनंद महिंद्रा यांनीही तो पाहिला आणि त्यांनी जाहीरपणे दोन गोष्टी सांगितल्या. एक, कमी साधनांत जास्त काम करून दाखवणाऱ्या या कल्पकतेचं आपल्याला फार कौतुक वाटतं. दोन, ही गाडी कुठल्याच नियमात बसत नाही आणि आज ना उद्या अधिकारी ती थांबवणार. म्हणून त्यांनी सुचवलं की ही गाडी आम्हाला द्या आणि तिच्या बदल्यात नवी कोरी बोलेरो घ्या. २४ जानेवारी २०२२ रोजी ही अदलाबदल झाली. बोलेरो लोहार कुटुंबाकडे आली आणि छोटी गाडी महिंद्रा कंपनीकडे गेली. कंपनीच्या चेन्नईजवळच्या संशोधन केंद्रातल्या गाड्यांच्या संग्रहात ती ठेवण्यासाठी.

गोष्ट गोड झाली! पण तुमच्यातल्या खटपट्या मंडळींच्या डोक्यात एक प्रश्न नक्की आला असेल. गाडी चालत होती, वळत होती, थांबत होती. मोठमोठे इंजिनिअर तिचं कौतुक करत होते. मग ती रस्त्यावर का चालवायची नाही? घरच्या घरी जुनी गाडी दुरुस्त करून, तिला खालीवर करून, छान स्पोर्ट्स कार बनवता येणार नाही का?

या प्रश्नाचं उत्तर 'नाही' इतकंच दिलं तर तुम्ही रागवाल. म्हणून आज जरा सविस्तर बोलू या.

खटपट्यांचा मुलूख

आधी आपल्या भागाविषयी थोडं. आज सातारा आणि सांगली हे वेगळे जिल्हे आहेत. गाड्यांच्या नंबरावरूनही ते ओळखता येतात. एमएच-११ म्हणजे सातारा, एमएच-५० म्हणजे कराड आणि एमएच-१० म्हणजे सांगली. पण १९४९ पूर्वी देवराष्ट्रे सातारा जिल्ह्यातच होतं. त्या साली दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. यशवंतराव चव्हाणांचा जन्म याच देवराष्ट्रे गावात १९१३ साली झाला, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

याच परिसरात किर्लोस्करवाडी आहे. बेळगावात सायकलींचं दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या उजाड माळावर १९१० मध्ये कारखाना उभारला आणि लोखंडी नांगर बनवायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं. तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफा त्यांना दिल्या. तोफा वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले! भंगारातून नवी वस्तू घडवण्याचं याहून सुंदर उदाहरण शोधून सापडायचं नाही.

शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात, इचलकरंजीला, शंकरराव कुलकर्णी नावाचे गृहस्थ होते. शिक्षण जेमतेम सातवीपर्यंत. पण सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी मोटार बनवायचीच, असा त्यांनी ध्यास घेतला. १९४९ मध्ये त्यांची पहिली गाडी तयार झाली. त्यानंतर ते वर्षानुवर्षं तिच्यात सुधारणा करत राहिले. १९७५ मध्ये त्यांनी जी गाडी लोकांपुढे आणली तिचं नाव 'मीरा'. दुर्दैवानं 'मीरा' कारखान्यात मोठ्या संख्येनं कधी बनली नाही. अगदी अलीकडे सांगली जिल्ह्यातल्याच काकडवाडीच्या अशोक आवटी यांनीही भंगारातून जुन्या फोर्डसारखी दिसणारी छोटी गाडी बांधली.

तेव्हा हात चालवणारी माणसं आपल्याकडे मुळीच कमी नाहीत. अडतं ते दुसरीकडेच. गाडी चालणं ही एक गोष्ट आहे. ती हजारदा, पावसात, उतारावर, पाच माणसं बसवून आणि समोर अचानक म्हैस आडवी आली तरी नीट थांबणं ही दुसरी गोष्ट आहे. पासिंग होतं ते या दुसऱ्या गोष्टीचं!

स्पोर्ट्स कार म्हणजे नुसता वेग नव्हे

स्पोर्ट्स कार म्हटलं की लाल रंग, मोठा आवाज आणि सुसाट वेग डोळ्यांपुढे येतो. यातला रंग आणि आवाज तर सोडूनच द्या. चांगल्या स्पोर्ट्स कारची खरी ओळख तीन गोष्टींत असते. ती बुटकी असते, हलकी असते आणि तिचे ब्रेक जबरदस्त असतात.

बुटकी कशासाठी? एक प्रयोग करून पाहा. दोन भरलेल्या काडेपेट्या घ्या. एक पाटावर आडवी ठेवा, दुसरी उभी. आता पाट एका बाजूनं हळूहळू उचला. उभी काडेपेटी आधी कोलमडेल. आडवी घसरेल, पण सहसा पालथी होणार नाही. वजन जितकं जमिनीजवळ आणि चाकं जितकी लांब लांब, तितकी गाडी वळणावर स्थिर. वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात वळण आलं की आपण सगळे एका बाजूला कलंडतो ना? गाडीचंही तसंच होत असतं. आता समजा, कुणी हौसेनं जुन्या जीपला मोठ्ठी चाकं लावली आणि तिची उंची वाढवली. दिसायला ती रुबाबदार होईल, पण वळणावर आडव्या काडेपेटीची उभी काडेपेटी होईल!

मोठ्या चाकांची आणखी एक गंमत आहे. वेग दाखवणारा काटा चाकाच्या फेऱ्यांवर चालतो. चाकाचा व्यास दहा टक्क्यांनी वाढवला तर एका फेरीत गाडी दहा टक्के जास्त अंतर जाते. काट्याला हे कसं कळणार? तो साठ दाखवेल आणि गाडी खरं तर सहासष्टच्या वेगानं पळत असेल.

आता ब्रेककडे वळू. इथं थोडं गणित आहे, पण सोपं आहे बरं का! वेग दुप्पट झाला की गाडीतली गतिज ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. वेग तिप्पट झाला की ती नऊपट होते. ही सगळी ऊर्जा ब्रेकना उष्णतेत बदलावी लागते, तेव्हा कुठं गाडी थांबते. कोरड्या रस्त्यावर, बऱ्यापैकी ब्रेक असलेली गाडी ताशी ३० किलोमीटर वेगात असेल तर ब्रेक दाबल्यापासून साधारण ७ मीटरमध्ये थांबते. वेग ६० असेल तर २८ मीटर लागतात. ९० असेल तर ६३ मीटर! क्रिकेटची खेळपट्टी असते सुमारे २० मीटरची. म्हणजे तीन खेळपट्ट्यांहून जास्त अंतर झालं. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जो एखादा सेकंद जातो, तेवढ्यात ६० च्या वेगातली गाडी आणखी १६-१७ मीटर पुढं गेलेली असते.

म्हणून जुन्या गाडीत नुसतं दांडगं इंजिन बसवलं तर काय होईल, ते पाहा. वेग वाढला, म्हणजे ब्रेक मोठे हवेत. इंजिन जड, म्हणजे पुढचे स्प्रिंग दाबले जाणार, तेही बदला. जास्त जोर आला, म्हणजे क्लच आणि गिअरबॉक्स तो सोसतील का, हे तपासा. जास्त उष्णता, म्हणजे रेडिएटर मोठा हवा. टायर त्या वेगासाठी बनलेले आहेत का, तेही पाहा. एक भाग बदलला की दहा भाग 'आमचं काय?' म्हणून विचारायला लागतात! मोटारीच्या कारखान्यात या प्रत्येकाचं उत्तर शोधायला वेगवेगळी माणसं असतात आणि ती वर्षानुवर्षं चाचण्या घेत असतात. घरच्या अंगणात हे सगळं तपासायला ना जागा असते, ना यंत्रं.

छप्पर कापलं तर?

'आपल्या जुन्या गाडीचं छप्पर कापून टाकू, झाली उघडी स्पोर्ट्स कार!' ही कल्पना अनेकांना सुचते. तेव्हा दुसरा प्रयोग. बुटांचं रिकामं खोकं घ्या. त्याच्या झाकणाच्या चारही कडा चिकटपट्टीनं पक्क्या चिकटवा. आता दोन्ही टोकं धरून ते पिळून पाहा. सहजी पिळलं जाणार नाही. आता झाकण काढून टाका आणि पुन्हा पिळा. लगेच वाकडं झालं ना?

आजकालच्या बहुतेक मोटारींत ट्रकसारखी वेगळी भक्कम चासी नसते. पत्र्याचं खोकं हाच गाडीचा सांगाडा असतो. छप्पर आणि दारांशेजारचे खांब त्या खोक्याला ताठ ठेवतात. अपघातात गाडी उलटली तर आतल्या माणसांचा जीव तेच वाचवतात. छप्पर कापणं म्हणजे सांगाड्याचं हाड काढणं! कारखान्यात उघडी गाडी बनवतात तेव्हा खालचा भाग मुद्दाम जास्त मजबूत करतात.

आपल्या शेजारच्या गोव्यातही एक अशी गाडी बनली होती. तिचं नाव 'सॅन स्टॉर्म'. १९९८ मध्ये ती बाजारात आली. दोन दारं, बसायला दोघंच, वरून उघडी आणि बॉडी फायबरग्लासची. इंजिन रेनो या फ्रेंच कंपनीचं, ११४९ सीसीचं. म्हणजे एखाद्या साध्या छोट्या मोटारीत असतं तेवढंच. तरीही ती स्पोर्ट्स कारच, कारण ती बुटकी आणि हलकी होती. ही गाडी आता बनत नाही. ज्यांच्याकडे ती आहे त्यांच्यासाठी ती जुनी स्पोर्ट्स कार झाली आहे. फायबरग्लास गंजत नाही, त्याला तडे गेले तर काचधाग्यांचं कापड आणि रेझिन लावून ते बुजवता येतात. आतले-खालचे लोखंडी भाग मात्र गंजतात. तेव्हा अशा गाडीची खरी परीक्षा तिच्या पोटाखाली शिरून करावी लागते!

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम असं सांगतं की कंपनीनं गाडी जशी बनवली आणि आरसी बुकात जशी नोंदवली, त्याहून वेगळा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. आता असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मग गाडी देखणी असो की नसो.

याचा अर्थ काहीच करता येत नाही, असं मात्र नाही. गाडीचा रंग बदलता येतो, पण आरटीओत कळवून आरसी बुकात तशी नोंद करून घ्यावी लागते. निकामी इंजिनाच्या जागी त्याच प्रकारचं दुसरं इंजिन परवानगी घेऊन बसवता येतं. मान्यता असलेलं सीएनजी किट बसवता येतं. अपंग व्यक्तीला स्वतः चालवता यावी म्हणून गाडीत योग्य ते बदल करण्याचीही कायद्यात सोय आहे. नियमाचा राग येण्याआधी हेही पाहायला हवं की आधी कुणीतरी तपासून खात्री करायची आणि मगच बदल करायचा, एवढंच तो सांगतो. कारण गाडी आपली असली तरी रस्ता सगळ्यांचा असतो. शाळेतून सायकलवर येणारी तुमची धाकटी बहीणही त्याच रस्त्यावर असते.

मोडून बनवणं नको, होती तशी करणं!

आता खरी मजेची गोष्ट. जुनी गाडी बदलण्यापेक्षा ती मूळ होती तशी करणं हे जास्त अवघड, जास्त चिकाटीचं आणि पूर्णपणे कायदेशीर काम आहे. हे काम घरच्या गॅरेजात, मोठ्यांच्या आणि एखाद्या जाणत्या मिस्त्रीच्या मदतीनं, सुट्टीसुट्टीला थोडं थोडं करता येतं. ते कसं करतात?

पहिलं हत्यार म्हणजे पाना नव्हे, तर कॅमेरा आणि वही. प्रत्येक भाग खोलण्याआधी त्याचा फोटो काढायचा. नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत टाकून वर चिठ्ठ्या लावायच्या. 'पुढचा डावा ब्रेक', 'दाराची बिजागरी' असं लिहून. 'लक्षात राहील की!' म्हणणाऱ्याकडे शेवटी मूठभर बोल्ट उरतात आणि ते कुठले, हे कुणालाच सांगता येत नाही!

दुसरं काम म्हणजे गंज शोधणं. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो. गाडीत पाणी साचतं ते दारांच्या तळाशी, पायाखालच्या चटईखाली आणि चाकांवरच्या कमानीत. रंग फुगलेला दिसला की आत पत्रा खाल्लेला आहे, असं समजा. वर पुट्टी भरून रंग मारला तर सहा महिने छान दिसेल, पण आत गंज पसरतच राहील. म्हणून कुजलेला पत्रा कापून काढायचा, नवा तुकडा वेल्डिंगनं बसवायचा, घासून प्रायमर लावायचा आणि रंग सगळ्यात शेवटी.

तिसरी गोष्ट म्हणजे ब्रेक आधी, इंजिन नंतर! पुष्कळ जण उलटं करतात, कारण इंजिनाचा आवाज ऐकायची घाई असते. पण सुरू होणारी आणि न थांबणारी गाडी ही बंद गाडीपेक्षा कितीतरी धोक्याची. ब्रेकचे रबरी पाइप वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत तडकतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. घाटाच्या लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की ते तापतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि मग पाय दाबला तरी ब्रेक लागत नाही. म्हणूनच पसरणीसारखा घाट उतरताना जाणते चालक गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतात.

चौथी गोष्ट टायर. नक्षी ठळक दिसली म्हणजे टायर चांगला, असं नाही. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. समजा, ते १४०९ असतील तर तो टायर २००९ सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलेला आहे. रबर न वापरताही म्हातारं होतं! आज घरातल्या एखाद्या वाहनाचा टायर पाहून त्याचा 'वाढदिवस' शोधून काढा बघू.

मग येतं वायरिंग, पेट्रोलची टाकी, इंजिन आणि सगळ्यात शेवटी रंग नि चकचकाट.

काही गोष्टी मात्र कधीच करायच्या नाहीत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही, खाली भक्कम लोखंडी स्टँड लावायचेच. पेट्रोलच्या टाकीजवळ वेल्डिंग किंवा काडी नको, कारण रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त भडकते. विजेचं काम करण्याआधी बॅटरीची वायर काढायची. जुन्या ब्रेक लायनरची धूळ फुंकर मारून उडवायची नाही, कारण पूर्वीच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा आणि तो फुप्फुसांना घातक असतो. वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी पाहायचं नाही. ही कामं मोठ्यांनीच करायची. तुम्ही शेजारी उभं राहून पाना द्यायचा आणि डोळ्यांनी शिकायचं. सगळे मिस्त्री अशीच सुरुवात करून मिस्त्री झालेले असतात!

पन्नाशीचं बक्षीस

गाडी होती तशी जपणाऱ्याला सरकारही मान देतं. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं 'व्हिंटेज' वाहनांसाठी खास नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकीला वेगळी नोंदणी मिळू शकते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क आणि ती दहा वर्षं चालते. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरायची नसते. प्रदर्शनं, जुन्या गाड्यांच्या रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यांसाठी ती बाहेर काढता येते.

यातली अट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. म्हणजे आज कुणी हौसेपोटी जुन्या गाडीचं छप्पर कापलं, तर उद्याचा हा मान त्यानं स्वतःच कापून टाकला! आता एक सोपं गणित करा. १९९८ मध्ये नोंदवलेली 'सॅन स्टॉर्म' पन्नाशी कधी ओलांडेल? २०४८ मध्ये. तुम्ही तेव्हा केवढे असाल? एखादी अशी गाडी नीट जपली गेली, तर तिला 'व्हीए' नंबर मिळवून देणारे हात कदाचित तुमचेच असतील.

मग आज काय करायचं?

आज गाडी चालवायची नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. सोळाव्या वर्षी फक्त पन्नास सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीचं लायसन्स मिळतं. चारचाकीसाठी अठरा वर्षं पूर्ण लागतात. त्याआधी गाडी चालवताना सापडलात, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा तुमच्या आई-वडिलांना किंवा गाडीच्या मालकाला होते. पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद! शिवाय गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. आपल्या हौसेपायी बाबांना कोर्टाची पायरी चढायला लावायची का?

पण शिकायला वयाची अट नाही. सुरुवात जुन्या सायकलीपासून करा. माळ्यावर पडलेली काकांची किंवा आजोबांची सायकल त्यांची परवानगी घेऊन खाली काढा. फोटो काढा, खोला, गंज घासा, छर्रे रॉकेलनं धुऊन ग्रीस भरा, ब्रेकचे रबर बदला, मग रंग द्या. वर सांगितलेल्या पायऱ्या सायकललाही तंतोतंत लागू पडतात. जिची चाकं लटपटत नाहीत आणि जिचे ब्रेक कच्चकन लागतात, अशी सायकल तुम्ही उभी केलीत, तर तुम्ही अर्धे मिस्त्री झालात!

दहावीनंतर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम असतो. बारावी किंवा डिप्लोमानंतर अभियांत्रिकी आहेच. सांगलीचं वालचंद महाविद्यालय १९४७ पासून आहे आणि कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी २००७ पासून 'बाहा' नावाची स्पर्धा होते. ती मध्य प्रदेशात इंदूरजवळच्या पीथमपूर इथं सुरू झाली. देशभरातले विद्यार्थी एकेक छोटी, खाचखळग्यांतून धावणारी गाडी स्वतः आखून, स्वतः वेल्डिंग करून बनवतात. म्हणजे दत्तात्रय लोहारांनी देवराष्ट्र्यात केलं तेच की! फरक एवढाच की तिथं गाडी शर्यतीत उतरण्याआधी तिचा सांगाडा तपासला जातो आणि ब्रेकची परीक्षा घेतली जाते. गाडी ब्रेकमध्ये नापास झाली तर इंजिन कितीही दमदार असू दे, ती बाहेर!

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या वेळी घरात 'हे भंगारवाल्याला देऊन टाक' असं कुणी म्हणालं, तर ती वस्तू आधी हातात घेऊन पाहा. ती कशी चालायची, कुठं अडली आणि होती तशी परत करता येईल का, हे शोधून काढा. आणि जे बनवाल ते आधी थांबतं का, ते तपासा. मग खुशाल किक मारा!